नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट, मग बिल कशाचं?

क्यूजीआयएस बसवायचं ठरवलंत किंवा नव्या आवृत्तीवर जायचं म्हणताय, तर पुण्यात खिशाला काय पडतं, त्याचा हा हिशेब

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला एक रुपयाही लागत नाही. पुण्यात ते आता भूगोलाच्या वर्गापुरतं राहिलेलं नाही. सोसायटीतली झाडं आणि बोअरवेल नोंदवणारे सभासद, रामनदीच्या काठाने फिरणारे कार्यकर्ते, पुरंदर-भोरकडे पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था, चार-पाच माणसांची वास्तुरचना आणि स्थापत्याची ऑफिसं, अशा सगळ्यांना ते उपयोगी पडतं. काम बाहेर करून घ्यायचं ठरलं की मात्र कोटेशन हातात पडतं आणि प्रश्न येतो, ‘फुकट म्हणता, मग हा आकडा कसला?’ ज्यांच्याकडे ते आधीपासून आहे त्यांचा प्रश्न वेगळा असतो: नवी आवृत्ती घ्यायची, की आहे तीच चालवायची?

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, पण माहिती साफ करायला, शिकायला आणि एका आवृत्तीवरून दुसरीवर जायला माणसाचे तास लागतात. खरा खर्च त्या तासांचा. म्हणून खाली रुपयांच्या बरोबरीने तासही मोजले आहेत. जिथे शून्य म्हटलंय तिथे ते खरोखर शून्य आहे. बाजारातल्या वस्तूंचे आकडे मात्र अंदाजाचे आहेत. घ्यायच्या दिवशी दोन दुकानांत विचारूनच घ्या.

फुकट म्हणजे किती फुकट

गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये अलास्कात हा प्रकल्प सुरू केला. १.० आवृत्ती जानेवारी २००९ मध्ये आली. परवाना जीएनयू जीपीएल. ग्राहकाच्या भाषेत सांगायचं तर घरी वापरा, ऑफिसात वापरा, पैसे घेऊन केलेल्या कामासाठी वापरा, एका संगणकावर बसवा नाहीतर पन्नास. दरवर्षीचं नूतनीकरण नाही आणि मुदत संपल्यावर बंद पडणंही नाही. कारभार स्वित्झर्लंडमध्ये नोंदलेली एक संस्था पाहते. तिचा खर्च देणग्या आणि सभासद-वर्गणीतून चालतो.

त्यामुळे कोटेशनमध्ये ‘क्यूजीआयएस परवाना शुल्क, प्रति संगणक’ अशी ओळ दिसली तर तिथेच थांबा. जीपीएलचं सॉफ्टवेअर पैसे घेऊन देणं बेकायदा नाही, पण ते पैसे परवान्याचे नसतात. बसवून देणं, शिकवणं, वर्षभर फोनवर मदत करणं, अशी त्या कामाची खरी नावं लिहून मागा. नाव बदललं की रक्कम वाजवी आहे का हे तुम्हालाच कळतं.

तुलना साहजिकच एसरी कंपनीच्या आर्कजीआयएसशी होते. आर्कजीआयएस प्रो मुख्यतः वार्षिक वर्गणीवर, माणशी हिशेबाने मिळतं. त्याच कंपनीच्या जुन्या आर्कमॅपची मुदत १ मार्च २०२६ ही जाहीर झालेली आहे. त्यानंतर त्याला दुरुस्त्या नाहीत आणि मदतही नाही. कायमचा परवाना एकदा विकत घेऊन वर्षानुवर्षं आर्कमॅपवर काम केलेल्या ऑफिसांना त्यामुळे पर्याय निवडावाच लागतो. ती क्यूजीआयएसकडे वळली तर शेपफाइल जशाच्या तशा उघडतात, फाइल जिओडेटाबेसही उघडतो. आर्कमॅपची प्रकल्प-फाइल मात्र थेट उघडत नाही. रंग, चिन्हं, नावांची मांडणी पुन्हा करावी लागते, नाहीतर रूपांतराचं वेगळं साधन घ्यावं लागतं. किती जुने नकाशे खरोखर पुन्हा लागणार आहेत ते आधी मोजा. शंभरातले दहाच लागणार असतील तर बाकीचे पीडीएफ करून ठेवले तरी पुरतं.

आवृत्ती निवडताना

क्यूजीआयएसची नवी आवृत्ती साधारण दर चार महिन्यांनी येते. वर्षातून एक आवृत्ती ‘दीर्घकालीन’ ठरते. तिच्यात नव्या सोयी येत नाहीत, दुरुस्त्या मात्र वर्षभर महिन्या-महिन्याला येत राहतात. आवृत्त्यांना गावांची नावं असतात. ऑक्टोबर २०२४ ची ३.४० ‘ब्रातिस्लाव्हा’, जून २०२५ ची ३.४४ ‘सोलोथर्न’. ३.४४ ही ३ मालिकेतली शेवटची.

त्यापुढे ४ मालिका. पडद्यावरच्या खिडक्या, बटणं, अक्षरं रेखाटण्यासाठी क्यूजीआयएस ‘क्यूट’ नावाची साधनसामग्री वापरतं. ३ मालिका तिच्या पाचव्या पिढीवर उभी आहे, ४ मालिका सहाव्या पिढीवर. म्हणजे हा बदल दर्शनी भागातला नसून पायातला आहे. ४.० आधी ऑक्टोबर २०२५ ला यायची होती. प्रकल्पाने ती पुढे ढकलून फेब्रुवारी २०२६ चं नियोजन केलं, आणि ४ मालिकेतली पहिली दीर्घकालीन आवृत्ती म्हणून ऑक्टोबर २०२६ च्या ४.२ कडे बोट दाखवलं. ऑफिस चालवणाऱ्याने यातून इतकंच घ्यायचं, की रोजच्या कामाचे संगणक दीर्घकालीन आवृत्तीवर ठेवायचे आणि मालिकेचा आकडा बदलतो तेव्हा तिच्या पहिल्या दीर्घकालीन आवृत्तीपर्यंत थांबायचं.

थांबण्याचा फायदा २०१८ ने दाखवून दिला आहे. त्या फेब्रुवारीत ३.० ‘जिरोना’ आली तेव्हा क्यूट आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, दोन्ही एकदम बदलले, आणि २ मालिकेवर चालणारी कितीतरी प्लगइन, म्हणजे वरून जोडायची छोटी साधनं, तिथल्या तिथे अडकली. या वेळी पायथनची पिढी तीच आहे, म्हणून धक्का कमी बसावा. पण ज्याचा कर्ता आता लक्षच देत नाही असं जुनं प्लगइन याही वेळी मागे पडू शकतं.

घाईचा खर्च मांडून पाहू. समजा, ऑफिसात पाच जण नकाशावर काम करतात आणि पगार सरासरी ३०,००० रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर माणसाचा दिवस १,२०० रुपयांचा होतो. नव्या आवृत्तीमुळे प्रत्येकाचे दोन दिवस शोधाशोधीत गेले तर १२,००० रुपये गेले, तेही बिलाचा कागद न दिसता. हेच काम एकाने दोन दिवस जुन्या प्रकल्पांवर तपासून पाहिलं आणि मग सगळ्यांना बदललं, तर खर्च २,४०० रुपयांच्या आसपास राहतो.

तपासणी अशी करा. विंडोजवर दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदू शकतात, त्यामुळे जुनी काढू नका. नवीसाठी वेगळं वापरकर्ता-प्रोफाइल करा. प्रकल्पाची फाइल उघडण्याआधी तिची प्रत काढा, कारण नव्या आवृत्तीत साठवलेला प्रकल्प जुनीत उघडताना इशारा येतो आणि काही मांडणी हरवू शकते. रोज लागणाऱ्या प्लगइनांची यादी करून त्यातली किती नव्यावर चालतात ते पाहा. अधिकृत भांडारात दोन हजारांहून जास्त प्लगइन आहेत, पण तुमच्या कामाला लागणारी पाच-सहाच असतात. तेवढी चालली की पुढे जा.

वापरणाऱ्यांच्या अडचणी आणि त्यांची किंमत

नव्या आवृत्तीच्या नावाने येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ आपल्याच फाइलींत असतं. मराठीत काम करणाऱ्यांना तर काही दुखणी हमखास भेटतात.

पहिलं शेपफाइलचं. या जुन्या स्वरूपात रकान्याचं नाव १० बाइटांपुरतं असतं. युनिकोडमध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्राही वेगळे मोजले जातात. म्हणजे तीन चिन्हांत नावाची जागा संपली. मजकुराचा रकाना २५४ बाइटांचा, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं. ‘सोसायटीचा संपूर्ण पत्ता’ त्यात मधेच तुटतो. उपाय शून्य रुपयांचा आहे: नवं सगळं काम जिओपॅकेज या नव्या स्वरूपात साठवा.

दुसरं जुन्या टंकांचं. पुण्यातच घडलेल्या श्रीलिपी आणि सी-डॅकच्या आयएसएममध्ये टंकलेल्या, किंवा कृतिदेवमधल्या याद्या अजून संस्थांच्या कपाटांत आहेत. त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय नकाशावर गावाचं नाव उमटत नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार माणसाने तपासावेच लागतात. या कामाचा दर पानांवर ठरवण्याऐवजी ‘तपासून दिलेल्या नोंदी’ या हिशेबाने ठरवा.

तिसरं ऱ्हस्व-दीर्घाचं. एका तक्त्यात ‘कोथरूड’, दुसऱ्यात ‘कोथरुड’ असेल तर संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी ठिकाणं, आणि जोडणी फसते. गावांच्या बाबतीत नावाऐवजी केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला सांकेतांक रकान्यात ठेवा. काम सुरू होण्याआधी हा एक रकाना भरून घेतला तर नंतरचे दिवसचे दिवस वाचतात.

चौथं छपाईचं. घरी नीट दिसणारा मराठी नकाशा छपाईच्या दुकानात गेल्यावर चौकोनांनी भरतो. पीडीएफ काढताना मजकूर अक्षर म्हणून न पाठवता आकार म्हणून पाठवायचा पर्याय निवडा, म्हणजे दुकानात टंक असो-नसो, अडत नाही. ए-शून्य आकाराच्या छपाईचा दर रंग किती पसरलाय यावर ठरतो. पांढऱ्यावर रेषांचा नकाशा स्वस्त, उपग्रहचित्र मागे ठेवलेला महाग. सभेत दाखवायचा असेल तर उपग्रहचित्र काढून टाका. पैसे वाचतात आणि नकाशा वाचतासुद्धा येतो.

पाचवं संथपणाचं. ऑफिसातल्या सामायिक ड्राइव्हवर ठेवलेली मोठी फाइल सगळ्यांनी एकदम उघडायची, ही सवय बदला. काम चालू असताना फाइल आपल्या संगणकावर ठेवा, तिला अवकाशीय निर्देशांक करून घ्या. तिघांहून जास्त जण एकाच नकाशात बदल करत असतील तर पोस्टजीआयएस हा माहितीसाठा घ्या. तोही फुकट आहे, मात्र तो उभा करून सांभाळणारा माणूस लागतो. तो खर्च वार्षिक धरा.

संगणक: कुठे वाचवायचं, कुठे नाही

प्रभागाएवढ्या क्षेत्राच्या साध्या कामाला ८ जीबी मेमरी पुरते. उपग्रहचित्रं, उंचीची माहिती, लाखभर नोंदी असतील तर १६ जीबी घ्या. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. एसएसडी मात्र हवीच. जुन्या संगणकावर सगळ्यात मोठा फरक तीच पाडते. १६ जीबीचा नवा साधा लॅपटॉप साधारण ५० ते ७० हजारांत येतो. मेमरीचे भाव वरखाली होतात, त्यामुळे कोटेशन त्या आठवड्याचंच धरा.

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं थांबलं. विंडोज ११ न पेलणारे बरेच संगणक त्यामुळे कोपऱ्यात पडले आहेत. ते भंगारात घालू नका. लिनक्स बसवा, त्यावर क्यूजीआयएस उत्तम चालतं. खर्च एसएसडीचा, म्हणजे काही हजारांचा. फक्त लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातली आवृत्ती बहुधा जुनी असते, म्हणून क्यूजीआयएसच्या भांडारातून दीर्घकालीन आवृत्ती घ्या. विंडोजवरची बसवायची फाइल एक जीबीच्या पुढची आहे. पाच संगणकांना पाच वेळा उतरवू नका, पेनड्राइव्ह वापरा.

एक खर्च मात्र टाळू नका. एक टीबीची बाहेरची डिस्क पाच-सहा हजारांत मिळते. सहा महिन्यांची नोंद पुन्हा करायला त्याच्या कितीतरी पट लागतील.

पुण्याची माहिती: काय शून्यात, काय नाही

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे खुल्या मालिकेतले स्थलदर्शक नकाशे नोंदणी करून मोफत उतरवता येतात. पुणे शहराचा बराचसा भाग जुन्या क्रमांकाने ४७ एफ/१४ या पत्रकात येतो, खुल्या मालिकेत तेच पत्रक ई४३एच१४. कात्रजकडचा भाग त्याच्या दक्षिणेच्या पत्रकात. नकाशाचा प्रक्षेप पुण्यासाठी यूटीएम ४३ उत्तर, सांकेतांक ईपीएसजी ३२६४३. हा एक आकडा चुकला की क्षेत्रफळं चुकतात, म्हणून काम करून देणाऱ्याकडून लेखी घ्या.

ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते आणि इमारती, सेंटिनेल-२ ची १० मीटर तपशिलाची उपग्रहचित्रं, इस्रोच्या ‘भुवन’वरची कार्टोसॅटची ३० मीटरची उंची-माहिती, हे सगळं शून्यात मिळतं. महापालिकेचं खुल्या माहितीचं पोर्टल आहे. डेटामीट या गटाने शहरांच्या प्रभाग-हद्दी खुल्या करून ठेवल्या आहेत.

आता सापळे. पुण्याच्या प्रभाग-हद्दीची फाइल घेताना वर्ष विचारा. २०१७ च्या निवडणुकीत ४१ प्रभाग होते आणि १६२ जागा. मधे त्रिसदस्यीय ५८ प्रभागांची रचना झाली. २०२५ च्या रचनेत पुन्हा ४१ प्रभाग आले, पण जागा १६५ आणि हद्दी निराळ्या. फाइलीवर नुसतं ‘४१ प्रभाग’ लिहिलेलं असेल तर ती कुठली हे कळणार नाही. शिवाय २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, आणि पुढे उरुळी देवाची व फुरसुंगी वेगळी काढली गेली. जुन्या हद्दीवर नवी लोकसंख्या मांडली की नकाशा देखणा दिसतो आणि निष्कर्ष चुकतो.

दुसरा सापळा उंचीचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आल्यापासून ‘आमच्या सोसायटीत पाणी शिरेल का’ हे नकाशावर पाहायची इच्छा अनेकांना होते. ३० मीटरच्या माहितीत एक चौकोन ९०० चौरस मीटरचा असतो. ओढ्याचं पात्र पुष्कळ ठिकाणी त्याहून अरुंद आहे. कात्रजपासून पाणी कुठल्या बाजूने उतरतं हे अशा माहितीतून दिसतं. तळमजला बुडेल की नाही, हे दिसत नाही. त्यासाठी जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहा: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कोणी फुकटच्या उंची-माहितीवर ‘पूर-अहवाल’ करून देतो म्हणाला, तर पैसे देऊ नका.

तिसरा सापळा जमिनीचा. महाभूनकाशावर गटांच्या हद्दी पाहता येतात, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. त्यावरून क्यूजीआयएसमध्ये काढलेली हद्द चर्चेला उपयोगी आहे, वादात नाही. हद्द कायम करायची तर भूमी अभिलेख विभागाची मोजणी लागते आणि तिचं सरकारी शुल्क भरावंच लागतं.

प्रत्यक्ष जागेवरची नोंद

क्यूफील्ड हे क्यूजीआयएसचं मोबाइलवरचं भावंड, तेही फुकट. घरी तयार केलेला प्रकल्प फोनमध्ये घ्यायचा, जागेवर नोंदी भरायच्या, परत आणायच्या. केबलने फाइल हलवली तर खर्च शून्य. त्याच्या क्लाउड सेवेचा लहान वाटा मोफत आहे, जास्त जागा हवी तर वर्गणी. सोसायटीला किंवा एका टेकडीला मोफत वाटा सहसा पुरतो, मात्र फोटो लहान आकारात काढा.

साध्या फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटरच्या आत-बाहेर चुकतो, उंच इमारतींमध्ये जास्त. वेताळ टेकडीवरच्या पाणवठ्यांची नोंद त्यावर होईल. ड्रेनेजचं झाकण आणि गॅसची वाहिनी यांतलं अंतर नाही. सेंटिमीटरची अचूकता हवी तर उपकरण विकत घेऊ नका. सर्वेक्षकासकट दिवसाच्या भाड्याने घ्या.

ड्रोनचा मोह होतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमवरच्या ड्रोनने व्यावसायिक काम करायचं तर नोंदणी आणि वैमानिकाचं प्रमाणपत्र या अटी येतात. त्यात लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याची एनडीए जवळ, त्यामुळे पुण्याच्या आकाशाचा मोठा भाग बंधनाखाली आहे. परवानगी कोण काढणार, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसेल तर ती जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली असं समजा.

शिकण्याचा खर्च

शून्यात शिकायचं तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात क्यूजीआयएसची मालिका आहे, आणि डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था दूरसंवेदन आणि जीआयएसचे मोफत ऑनलाइन वर्ग घेते, प्रमाणपत्रासह. पदवी हवी असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, सिंबायोसिसची भूमाहितीशास्त्र संस्था आणि भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था पुण्यातच आहेत. शुल्क त्या-त्या वर्षाच्या पत्रकातच पाहावं.

खासगी वर्ग लावताना तीन गोष्टी विचारा. शिकवणार कुठल्या आवृत्तीवर? सराव आमच्या माहितीवर होणार, की कुठल्यातरी परदेशी शहराच्या तयार फाइलींवर? शुल्क १८ टक्के जीएसटी धरून की सोडून? क्यूजीआयएसचा स्वतःचा प्रमाणपत्र-कार्यक्रमही आहे. मान्यताप्राप्त संस्थेने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रामागे काही रक्कम प्रकल्पाला जाते. अधिकृत प्रमाणपत्राच्या नावाने जास्त पैसे मागितले जात असतील, तर ती संस्था मान्यताप्राप्त यादीत आहे का हे आधी पाहा.

तीन नमुना अंदाजपत्रकं

सोसायटी, झाडं आणि वाहिन्यांची नोंद: सॉफ्टवेअर शून्य, घरचा लॅपटॉप, सभासदांचे फोन. रुपयांत खर्च फक्त छपाईचा. तासांचा अंदाज असा काढा: आधी एका इमारतीभोवतीची नोंद करून वेळ मोजा, मग इमारतींच्या संख्येने गुणा. उत्तर स्वयंसेवकांच्या दोन रविवारांपेक्षा जास्त आलं, तर रकाने कमी करा.

संस्था, दहा-वीस गावांचं पाणलोटाचं काम: एक १६ जीबीचा संगणक, दोन बाहेरच्या डिस्क, क्यूफील्डचे फोन. मोठा खर्च एका शिकलेल्या माणसाच्या पगाराचा आणि जुन्या याद्या युनिकोडमध्ये आणण्याचा. पहिल्या वर्षी प्रशिक्षणाला संगणकाइतकीच रक्कम बाजूला ठेवा.

पाच जणांचं ऑफिस, जुन्या सॉफ्टवेअरवरून येणारं: परवाना शून्य, खर्च पुन्हा मांडाव्या लागणाऱ्या नकाशांचा आणि पहिल्या दोन महिन्यांत मंदावणाऱ्या कामाचा. गिऱ्हाइकाची मुदत जवळ असताना बदल करू नका. वर्षातून एक आठवडा आवृत्ती बदलण्यासाठी कॅलेंडरवर आधीच राखून ठेवा.

कायद्याच्या दोन ओळी, ज्या महाग पडू शकतात

फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय नागरिकाला आणि संस्थेला नकाशे करायला पूर्वपरवानगी लागत नाही. पण देशाची बाह्य हद्द भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळली पाहिजे. १९६१ च्या फौजदारी सुधारणा कायद्यात हद्द चुकीची छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद आहे. परदेशी पार्श्वनकाशावर जम्मू-काश्मीरची रेषा वेगळी असू शकते. छापण्याआधी सर्वेक्षण विभागाची मोफत मिळणारी हद्द वर ठेवा.

दुसरं, ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरली तर कोपऱ्यात तिचं नाव लिहिणं ही अट आहे. गूगलच्या उपग्रहचित्रावरून रेषा गिरवून त्या आपल्या म्हणून विकणं, हे गूगलच्या अटींत बसत नाही.

बिघाड सापडला तर

फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्रार ऐकणारा ग्राहक-कक्ष नसतो, पण तक्रार ऐकली जाते. आवृत्तीचा क्रमांक, नेमक्या पायऱ्या आणि छोटी नमुना-फाइल जोडून इंग्रजीत नोंद करा. जो दोष दुसऱ्याच्या संगणकावर पुन्हा घडवता येतो, तो सुधारण्याची शक्यता जास्त. आवृत्ती येण्याच्या साधारण महिनाभर आधी नव्या सोयी थांबवून फक्त दुरुस्त्या केल्या जातात. आपली मराठी फाइल त्या काळात चाचणी-आवृत्तीत उघडून पाहा. देवनागरीतला दोष युरोपातल्या प्रोग्रामरला आपोआप दिसणार नाही. आपण कळवला तरच कळेल. दुरुस्ती तातडीने हवीच असेल तर प्रोग्रामरला पैसे देऊन ती करून घेता येते आणि ती पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळते. एकच अडचण असलेल्या तीन-चार ऑफिसांनी खर्च वाटून घेतला, तर तो वर्गणीच्या सॉफ्टवेअरच्या एका वर्षापेक्षा स्वस्त पडू शकतो.

कोटेशनवर सही करण्याआधी

१. ‘परवाना’ या नावाने काही रक्कम आहे का? असेल तर ती कुठल्या सेवेची?
२. काम कुठल्या दीर्घकालीन आवृत्तीवर होणार, आणि पुढच्या आवृत्तीत तपासून देणार का?
३. कुठली प्लगइन लागतात, आणि त्यांना अलीकडे दुरुस्त्या मिळाल्या आहेत का?
४. प्रभाग, गावं, हद्दी कुठल्या वर्षाच्या?
५. शेवटी हातात काय मिळणार? नुसतं पीडीएफ घेऊ नका. जिओपॅकेज, प्रकल्प-फाइल आणि मराठीतली रकान्यांची यादी मागा.
६. काम संपल्यावर आमच्यातल्या एकाला ते बदलता येईल इतकं शिकवणार का, आणि किती तास?

पैशांची घासाघीस करायची असेल तर ती पहिल्या चार प्रश्नांवर करा. पाचव्या आणि सहाव्यावर पैसे कमी करायला गेलात, तर पुढच्या आवृत्तीच्या वेळी त्याच माणसाकडे नवं कोटेशन मागायला जावं लागेल.